ना घरचं फूल, ना बाजारचं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या तोडणं. मी तोडत होतो आणि ही ओट्यावर सूप मांडीत घेऊन बसली होती. गुडघे गेल्यापासून तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तोडायचं काम माझ्याकडे आलेलं. आणि तोडणाऱ्याला शिव्या घालायचं तिच्याकडे.

"ही उमललेली कशाला टाकलीत सुपात?"

"उमललेली कुठंय? तोंड उघडलंय नुसतं."

"तोंड उघडलं म्हणजे सकाळपर्यंत मान टाकणार ती. घट्ट बघून तोडा. जन्मभर लेथवर उभे होतात, तिथं सुताचा फरक कळायचा. इथं कळी कळत नाही?"

"लेथ बडबड करत नव्हता."

"म्हणून तर त्याच्यापायी बहिरे झालात."

असं आमचं रोजचं. वैशाखाचे दिवस, बडोद्याचा उन्हाळा, संध्याकाळ झाली तरी ओट्याची फरशी तव्यासारखी. तरी मोगरा त्याच दिवसांत सुटतो. जितकं ऊन कडक तितक्या कळ्या जास्त. हिचं म्हणणं, मोगरा सासुरवाशिणीसारखा असतो, चटके बसल्याशिवाय फुलत नाही. मला ते कधी पटलं नाही. चटके बसून करपलेल्याही पुष्कळ पाहिल्यात मी.

दिवे लागायच्या आत तोडून व्हायला पाहिजे, हा तिचा नियम. दिवेलागणीनंतर झाडं झोपतात, मग त्यांना हात लावायचा नाही. नियम एक नव्हता, ढीगभर होते. मी चौथी शिकलेला माणूस, पण झाडांच्या बाबतीत हिनं माझी मॅट्रिक करून घेतली. कळी देवाला वाहत नाहीत, म्हणून संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, सकाळपर्यंत फूल होतं. वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, घेतला तर ते उष्टं. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, फक्त पारिजातकाचं चालतं. गणपतीला लाल जास्वंद आणि दुर्वा, पण तुळस नाही. महादेवाला बेल, पण केवडा नाही. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ, ती रुई आम्ही रेल्वेच्या पडक्या भिंतीकडून आणायचो. उंबराला कुऱ्हाड लावायची नाही. शेवगा दारासमोर लावायचा नाही. अडुळशाचा पाला खोकल्याला, आणि तो उकळताना कुणी "कडू आहे" म्हणायचं नाही, गुण जातो म्हणे.

बाग म्हणजे काय, ओट्यापुढची दोन खाटांएवढी माती आणि कुंड्या. गोरव्याला मी कामाला होतो त्या कारखान्यात भंगारात निघालेली पत्र्याची पिंपं मी अर्धी कापून आणलेली, त्यात मोगरा, तगर, जास्वंद, अबोली. मध्ये तुळस. कडेला सोनचाफ्याचं एक झाड, ते सासऱ्यांनी डभोईहून एस. टी. च्या टपावर टाकून आणून दिलेलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या देवांना आमच्याच बागेतली फुलं. सकाळी बायका वाट्या, परड्या घेऊन फाटकाशी यायच्या, "बा, फूल आपजो ने!" आणि ही मोजूनमापून द्यायची. कुणाला किती देव आहेत ते तिला पाठ होतं.

तर त्या संध्याकाळी कळ्या तोडून झाल्या. मी नळी लावून कुंड्यांना पाणी घालायला लागलो. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा काही जाईना.

"इकडं या, ओवून द्या."

"पाणी संपवतो आणि येतो."

"तोवर अंधार पडेल."

मग तिनंच ओवला. थोड्या वेळानं म्हणाली, "पाठीत भरल्यासारखं झालंय हो." मी नळ बंद केला. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ओट्यावरच्या हिंचक्यावर आडवी झाली. मी आत जाऊन बाम शोधत होतो. बाहेर आलो तर हिंचका जरासा हलत होता आणि तिचा एक हात खाली लोंबत होता. हाक मारली. परत मारली. गल्लीच्या टोकाला डॉक्टर राहतात, ते स्लीपरवरच पळत आले. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, मनगट धरलं, आणि मला म्हणाले, "काका, बेसी जाव." बसा. डॉक्टर बसा म्हणाला की समजायचं.

मग मला आठवण झाली तुळशीपत्राची.

तुळस संध्याकाळनंतर तोडत नाहीत. आणि माणूस काही वेळ बघून जात नाही. म्हणून हिनं देवघरात एका पितळेच्या डबीत तुळशीची वाळवलेली पानं आणि गंगाजलाची कुपी ठेवली होती. ती डबी माझ्यासाठी होती. छातीचं ऑपरेशन माझं झालेलं, बिड्या मी ओढलेल्या, तेव्हा आधी मी जाणार हे ठरलेलंच होतं घरात. दरवर्षी ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळून ती माझं आयुष्य मागायची, आणि घरी येऊन डबीतलं पान बदलायची. मी म्हणायचो, "एक काहीतरी नक्की कर." ती म्हणायची, "दोन्ही करावं लागतं बाईला." माझ्यासाठी ठेवलेलं पान मी तिच्या तोंडात ठेवलं. वडानं ऐकलं तिचं. मी आहे.

मेव्हणी डभोईला असते. ती तासा-दोन तासांत जीप करून आली. मुलगी पुण्याला, ती सकाळपर्यंत पोचणार. तोवर न्यायचं नाही असं ठरलं. बर्फाच्या लाद्या आणल्या, हिला खाली घेतलं, उशाशी दिवा लावला. गल्लीतल्या बायका जमल्या. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "भाग्यवान हो! अहेव गेली. कुंकवाची गेली."

नवऱ्याच्या आधी बाई गेली तर ती भाग्यवान. मग राहिला तो कोण? ते कुणी म्हणत नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. एक म्हातारी तर म्हणाली, "असं मरण मागून मिळत नाही." मी म्हटलं, "मिळतं की. घ्या की तुम्ही." मेव्हणीनं माझा हात दाबला, "भाऊजी, जाऊ द्या." ती म्हातारी उठून गेली. बरं झालं.

ओट्यावर सूप तसंच होतं. मेव्हणी ते आत आणून म्हणाली, "ह्या कळ्यांचं काय? सुतक लागलं, देवाला आता चालायच्या नाहीत." तिनं त्या तुळशीच्या कडेला मातीत पुरल्या. हिनं पण तेच केलं असतं. सकाळचे देव उपाशी राहिले, म्हटलं राहू देत.

मग खरा प्रश्न निघाला. सवाष्ण बाईला नेताना हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट आणि केसांत फुलं लागतात. लुगडं कपाटात होतं, बांगड्या मेव्हणीनं आणलेल्या. फुलांचं काय?

"दारात एवढा मोगरा आहे की," एक बाई म्हणाली. "सकाळी तोडला की झालं."

मी म्हटलं, "घरचा नाही चालायचा."

गल्लीतल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, नव्यांना नव्हतं. हिचा सगळ्यात मोठा नियम तो. आमच्या झाडाचं फूल मढ्यावर जाणार नाही. एकदा गेलं की ते झाड देवाचं राहत नाही, मग त्याचं फूल कुठल्याच देव्हाऱ्यात चालत नाही. तिच्या आईनं तिला शिकवलेलं, तिच्या आईला कुणी शिकवलं कोण जाणे. आणि तो नियम तिनं नुसता बोलायला ठेवला नव्हता.

आमच्या समोरच्या घरात एक गुजराती बेन राहतात. आता एकट्याच असतात. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांचे मिस्टर गेले, असेच उन्हाळ्याचे दिवस. त्यांच्याकडून निरोप आला, मोगरा द्या थोडा, बाजार उघडायला वेळ आहे. ही फाटकाशी गेली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "देवाची झाडं आहेत. मढ्याला नाही देत." मी घरातच होतो. मीही ऐकलं, त्या बेननंही ऐकलं. नंतर दहा दिवस ही त्यांच्याकडे खिचडी-कढीचा डबा पाठवत होती. डबा रोज धुऊन परत यायचा, पण त्या बाईनं पुन्हा आमच्याकडचं एक फूल नेलं नाही. त्यांच्या अंगणात पांढरा चाफा आहे, मोठा. पानं सगळी गळलेली आणि फांद्या फुलांनी भरलेल्या. ही त्याला मसणवटीतलं झाड म्हणायची. त्याची फुलं वाऱ्यानं आमच्या दारात आली की झाडूनं परत ढकलायची.

"मग बाजारातून आणू," मेव्हणी म्हणाली. "लहरीपुऱ्याकडे पहाटेच मिळतात."

"बाजारचंही नको म्हणायची ती."

"हे कधी?"

कधी म्हणजे नेहमीच. बाजारातल्या हारांवर हिचा भरवसा नव्हता. मसणात उतरवलेले हार पाणी मारून परत विकतात, असं तिनं कुठंतरी ऐकलेलं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण एकदा कुणाच्या तरी मयताहून येताना मला म्हणाली होती, "माझ्या अंगावर असलं काही घालू नका. कुणाच्या छातीवरचं असेल." मी म्हटलं, "घरचं चालत नाही, बाजारचं चालत नाही, मग घालू काय? शेवग्याचा पाला?" तर म्हणाली, "ते तुम्ही बघा. मी काय बघायला असणारे?"

मेव्हणी वैतागली. "भाऊजी, ताई गेली. आता नियम कुणासाठी पाळताय?"

"गेली म्हणूनच. असती तर मोडला असता, भांडली असती, मिटलं असतं."

"मग रिकाम्या केसांनी नेणार अहेव बाईला? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत."

बोललो, पण ते मलाही झेपणारं नव्हतं. हिचं डोकं उभ्या जन्मात कधी रिकामं पाहिलं नाही. आजारपणात दवाखान्यात होती तेव्हासुद्धा अबोलीचं एक फूल उशाखाली. माझ्याकडे दुसरं काहीच तिनं कधी मागितलं नव्हतं. दागिने मागितले नाहीत, फिरायला ने म्हणाली नाही. हे एवढंच माझ्यावर टाकून गेली होती, तुम्ही बघा म्हणून. आणि मला काही सुचत नव्हतं. रात्र तशीच बसून काढली. बाहेर मोगरा उमलला होता, तोडायला कुणी नव्हतं म्हणून झाडावरच. वास घरात भरला. एरवी चांगला वाटायचा. त्या रात्री उठून मी खिडकी लावून घेतली.

सकाळी उजाडता उजाडता मुलगी आली. आईजवळ बसली, रडली. मेव्हणीनं तिला फुलांचं सांगितलं. मुलगी शिकलेली, तिला वाटलं म्हातारा दुःखानं हट्ट करतोय.

"बाबा, मी तोडते मोगरा. आईला आवडायचा."

"आवडायचा म्हणूनच तोडायचा नाही."

"मग सोनचाफा तरी? तो कोण वाहतं आता?"

"घरचं म्हणजे घरचं. हात लावू नकोस."

तिनं मावशीकडे बघितलं. तेवढ्यात गल्लीतल्या कुणीतरी न विचारता झेंडूचे आणि गुलाबाचे हार पिशवीभर आणून ठेवले. गुलाबांवर पाणी मारलेलं, खालच्या पाकळ्या काळ्या पडलेल्या. मेव्हणी पिशवी उघडायला लागली. मी उठलो. धोतर नीट केलं, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.

समोरच्या बेन अंगण झाडत होत्या. चाफ्याची फुलं पहाटे पडतात, त्यांचा ढीग केला होता. मला बघून झाडू थांबला. त्या रात्री त्या आमच्याकडे आल्या नव्हत्या. विधवा बाई सवाष्णीच्या मयतात पुढं होत नाही, म्हणून आल्या नसतील. किंवा दुसऱ्या कारणानं.

"जय श्री कृष्ण, भाई," त्या म्हणाल्या. "सांभळ्युं में." ऐकलं मी.

मी म्हटलं, "बेन, थोडी फुलं पाहिजेत. हिच्या केसांत घालायला."

त्यांनी आमच्या ओट्याकडे बघितलं. समोरच तर दिसत होतं सगळं, मोगऱ्याची झुडपं पांढरी झालेली.

"तमारे त्यां तो आखी वाडी छे."

"आहे बाग. पण त्यातलं चालत नाही."

"ए तो मने खबर छे," त्या म्हणाल्या. ते तर मला माहीत आहे.

उभा राहिलो. चाफ्याच्या बुंध्याला हात लावला. त्या परत झाडायला लागल्या. दोन-तीन फटकारे मारले. मग झाडायचं न थांबवता, कधीमधी बोलायच्या तशा मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "आमच्या ह्यांना झेंडू घातला होता. झेंडूने त्यांना शिंका यायच्या. आखी जिंदगी मी घरात झेंडू नाय आणला. आणि शेवटी तोच, गळ्यापर्यंत."

"चुकलं आमचं," मी म्हटलं.

"तुमचं नाय. तिचं." मग माझ्याकडे बघून, "ती सांगून गेली का, माझ्याकडून घ्या म्हणून?"

"नाही. ती असती तर मला फाटकाबाहेर पडू दिलं नसतं."

त्या हसल्या नाहीत. पण झाडू भिंतीला लावला. मी खालच्या ढिगाकडे वाकलो, तर म्हणाल्या, "पडेलां नहीं. वरची घ्या." फांद्या उंच होत्या, माझा हात पोचेना. त्यांनी आतून आकडी आणली. लांब काठी, टोकाला लोखंडी हूक. मला वाटलं आता तोडून देतील. तर त्यांनी हूक फांदीला अडकवून ती खाली ओढून धरली आणि स्वतः चार हात लांब उभ्या राहिल्या.

"तमे तोडो. मारो हाथ ना लागवो जोईए. सौभाग्यवती छे."

माझा हात लागायला नको. हे नियम त्यांच्याकडेही होते. हिनं केलेलं सगळं लक्षात ठेवून, वर हिच्यासाठी तो नियमही पाळत होत्या. मी तोडायला लागलो. चाफ्याचं फूल तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, दुधासारखा. बोटांना लागला, चिकटला. सदऱ्याच्या ओच्यात फुलं घेतली, सदऱ्यालाही डाग पडले. पुरे झाली तसं मी म्हटलं, "बस." त्यांनी फांदी हळूच सोडली.

"येता का?" मी विचारलं.

"ना," त्या म्हणाल्या, आणि आकडी घेऊन आत गेल्या. दार लावून घेतलं.

मी घरी आलो. बायकांनी हिला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर मळवट भरला होता. चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. मेव्हणीनं माझ्या ओच्यात बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं.

"समोरची? भाऊजी, त्या बाईच्या दारची? अहेव बाईला?"

"मी तोडलीत. तिनं हात लावला नाही."

"अहो पण ताई काय म्हणायची त्याला! मसणवटीतलं झाड!"

"मग बरोबरच आहे की," मी म्हटलं. "तिकडेच निघालीये ती."

मुलीनं हारांची पिशवी उचलून मोरीकडे नेऊन ठेवली. मी हिच्या डोक्याशी बसलो. चाफ्याला देठ आखूड, वेणी करायची तर दोरा पाहिजे, आणि ओवणार कोण? मेव्हणी पुढं होईना. मी जन्मात कुणाच्या केसांत फूल खोवलं नव्हतं. आमच्या वेळी नवरे असलं काही करत नसत. केस ओले होते, गार होते. मुलीनं स्वतःच्या डोक्यातले दोन आकडे काढून मला दिले. बोटांना चीक, त्याला केस चिकटत होते. एक फूल बसवलं, दुसरं बसवलं. तिसरं घसरून उशाशी पडलं. पडलेलं चालत नाही, म्हणून ते तसंच ठेवलं आणि ओच्यातलं दुसरं घेतलं. कानामागं नीट दाबून खोवलं. मग उठलो, बाजूला झालो आणि दारातल्या माणसांना म्हटलं, उचला.